बटण गुलाब घरात ठेवलाय? सोलापूरच्या हिवाळ्यात तो जगवायचा कसा

दिवाळीच्या आसपास नर्सरीतून नाहीतर कुणाच्या तरी गिफ्टमधून मिनिएचर गुलाब घरात येतो, आपण ज्याला बटण गुलाब म्हणतो तो, अगदी फुलांनी लगडलेला, आणि नाताळ यायच्या आत त्याच्या नुसत्या काड्या उरतात. मग सगळे म्हणतात थंडीने गेला. थंडीने नाही गेला ओ. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री साधारण १४-१६ अंश असतं, एखादी थंडीची लाट आली तर १०-१२ वर उतरतं, आणि दुपारी परत ३० च्या आसपास. गुलाबाला वर्षभरात सगळ्यात मानवणारं हवामान हेच. आपल्याकडचा गुलाब हिवाळ्यात झोपत नाही, तो वाढतो. घरातला गुलाब जातो तो तीन कारणांनी: उजेड कमी, मुळाशी सतत ओल, आणि कोरड्या हवेत माजणारा लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा ठिपक्याएवढा जीव.

गोंधळ होतो तो मोबाईलवर शोधलेल्या माहितीने. पाणी तोडा, खत बंद करा, गार जागी ठेवा, असं जे लिहिलेलं असतं ते बर्फ पडतो त्या देशांसाठी. तिकडे झाड पानं टाकून सुप्तावस्थेत जातं म्हणून ते बरोबर आहे. इथे वाढीला लागलेल्या झाडाचं अन्नपाणी तोडलं की ते उपाशी मरतं, एवढाच फरक.

आधीच सांगते, गच्ची किंवा अंगण असेल तर झाड सरळ बाहेर उन्हात ठेवा, घरात आणायची काही गरज नाही. हे सगळं फ्लॅटवाल्यांसाठी, ज्यांच्याकडे एक खिडकी नाहीतर एक गॅलरी आहे. आणि पायऱ्यांचा क्रम बदलू नका. रोप आणलं, त्याच दिवशी कुंडी बदलली, छाटलं, वर खत घातलं, अशाने जितकी रोपं जातात तितकी थंडीने कधीच जात नाहीत.

१. पहिले १० ते १५ दिवस: नुसतं ठेवायचं आणि बघायचं

घेतानाच फुलं मोजू नका, पान उलटं करून बघा. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळं, धुळीसारखे ठिपके, किंवा खालची पानं पिवळी पडून गळालेली दिसली की ते रोप कितीही भरलेलं असो, सोडून द्या. फुललेल्यापेक्षा कळ्या असलेलं आणि बुडातून नवीन लालसर फुटवे येत असलेलं रोप चांगलं.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे चमकीचा कागद, प्लास्टिकचं वेष्टन, रिबीन सगळं काढून टाकणं. त्या कागदात पाणी साचतं आणि वरून काहीच कळत नाही, चार दिवसांत मुळं सडायला लागतात.

हे रोप बाकीच्या कुंड्यांपासून दोन आठवडे लांब ठेवा. पॉलीहाऊसमधून आलेलं असेल तर थोडी पानं पिवळी होऊन गळतील, त्याला घाबरू नका. हवा बदलली की तसं होतंच. या दिवसात खत नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही. फुलं सुकली की तेवढी खुडा.

*तपासणी:* शेंड्याकडून नवीन कोवळी पानं निघायला लागली की रोप रुळलं. त्याच्या आधी पुढच्या पायरीवर जाऊ नका, मग १५ चे २० दिवस झाले तरी चालतील.

२. जागा: सगळं इथेच ठरतं

हॉलमधलं टीपॉय, टीव्हीचं युनिट, देवघराशेजारचा कोपरा, या जागा गुलाबाच्या नाहीत. आपल्या डोळ्याला खोली उजेडाची वाटते पण गुलाबाला रोज ५-६ तास थेट ऊन अंगावर पाहिजे. ४ तास मिळालं तर तगतो, फुलं कमी देतो. त्याखाली तो हळूहळू संपतो, आणि हे संपणं महिनाभर चालतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही की कारण उजेडाचं होतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते पाणी वाढवतात, आणि अंधारातल्या झाडाला जास्त पाणी म्हणजे मुळांचा शेवट.

हिवाळ्यात आपल्या बाजूने एक चांगली गोष्ट असते. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, २१-२२ डिसेंबरला सोलापुरात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आत येतं. जी दक्षिणेची गॅलरी एप्रिलमध्ये वरच्या स्लॅबमुळे सावलीत असते तिथेच डिसेंबरात छान ऊन पडतं. म्हणून पहिली पसंती दक्षिण. दुसरी पूर्व, तिथे सकाळचं ३-४ तास मिळतं. पश्चिमही हिवाळ्यात चालते. उत्तरेच्या खिडकीत या दिवसात थेट ऊन येतच नाही, तिथे ठेवायचं असेल तर ट्यूबशिवाय ठेवू नका, त्याचं पुढे सांगते.

आता एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक फ्लॅटमध्ये चुकते. स्लायडिंग खिडकीला काळी किंवा निळी काच असते, तिच्या मागे मच्छरजाळी, आणि कुंडी त्या दोन्हीच्या मागे. या दोन्हीतून गाळून येणारं ऊन ऊन राहतच नाही. सकाळी काच आणि जाळी दोन्ही एका बाजूला सरकवा आणि कुंडी उघड्या अर्ध्या भागात ठेवा, संध्याकाळी डास यायच्या आत बंद करा. ग्रिल बाहेर आलेली असेल तर उत्तमच, कुंडी ग्रिलमध्ये, फक्त खाली पडणार नाही अशी तारेने बांधून.

रात्री खिडकी उघडी राहिली तर? राहू दे. १२-१४ अंशात त्याला काही होत नाही. उलट बंद खोलीत हवा खेळत नाही त्याचाच त्रास जास्त.

*तपासणी:* दुपारी १२ च्या सुमाराला कुंडीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. पानांवर हाताची सावली काळी आणि बोटं वेगवेगळी दिसतील अशी पडली तर ऊन पुरेसं आहे. फिकट, पसरट सावली पडली तर जागा बदला.

*सूचना:* सावलीतलं झाड एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस तासभर, मग दोन तास, असं आठवड्याभरात वाढवा. आणि दर तीन-चार दिवसांनी कुंडी थोडी फिरवा, नाहीतर सगळं झाड एकाच बाजूला वाकतं.

३. कुंडी आणि माती

रोप ४ इंची कुंडीत आलं असेल तर ६ इंचीत जा, एकदम १० इंचीत नको. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. बुडाला मोकळी भोकं पाहिजेत.

शेताची नाहीतर प्लॉटवरची काळी माती वापरू नका, हे मी सोलापूरच्या माणसाला मुद्दाम सांगते कारण ती फुकट मिळते आणि पिकाला चांगली म्हणून आपला तिच्यावर विश्वास असतो. शेतात ती चांगलीच आहे. पण कुंडीत ती ओली झाली की फुगून गच्च होते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळली की आकसून कुंडीपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली निघून जातं, ताटली भरते, आपल्याला वाटतं पाणी पोचलं, आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा.

मिश्रण असं घ्या: लाल माती २ वाटे, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत १ वाटा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ वाटा, जाडी वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) १ वाटा. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाण्यातून पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

बऱ्याच वेळा एका छोट्या कुंडीत तीन-चार काड्या दाटीने लावलेल्या असतात, भरगच्च दिसावं म्हणून. सहज सुटत असतील तर वेगळ्या करा, मुळं एकमेकांत गुंतली असतील तर ओढाताण करू नका, सगळा गोळा तसाच मोठ्या कुंडीत लावा. चिकण लाल मातीचा टणक गोळा असेल तर तो तासभर पाण्यात ठेवून बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा. लावल्यावर भरपूर पाणी आणि तीन-चार दिवस उजेडाच्या सावलीत, मग परत उन्हात.

*तपासणी:* वरून पाणी घातल्यावर अर्ध्या-एक मिनिटात खाली भोकातून यायला पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर मिश्रण जड झालंय, परत काढून वाळू वाढवा, आत्ताच करा, नंतर जमत नाही.

४. छाटणी

कुंडी बदलून किमान दोन आठवडे झाल्यावर. तुमचं जुनं झाड असेल तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्येच छाटणी झालेली असते, त्याला आता फक्त सुकलेली फुलं काढत राहा.

वाळलेल्या, काळ्या पडलेल्या काड्या हिरवा भाग लागेपर्यंत कापा. आत एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपैकी बारीक ती काढा. बाकी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, मोठ्या गुलाबाची छाटणी बघून लोक बटण गुलाबही बुडापासून उडवतात, घरातल्या कमी उजेडात तो परत उठत नाही. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवा फुटवा येतो त्या उंचवट्याच्या) जरा वर, तिरका. सुकलेलं फूल काढताना एका देठावर पाच पानं असलेल्या पहिल्या जागेपर्यंत कापा, नुसतं फूल खुडलं की वरची काडी वाळत खाली येते. कात्री डेटॉलने नाहीतर स्पिरिटने पुसून घ्या.

रोप कलमी असेल तर बुडाशी गाठ दिसते, तिच्या खालून आलेला फुटवा काढून टाका.

५. पाणी: नळाच्या दिवसावर नाही, मातीवर

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे एक सवय लागलेली आहे, पाणी आलं की सगळ्या कुंड्या तुडुंब भरायच्या आणि पुढच्या पाण्यापर्यंत विसरायचं. काहीजणांचं उलट. शेजारच्या काकूंनी मला कुंडी दाखवायला बोलावलं, "अगं रोज सकाळी न चुकता तांब्याभर घालते की गं, तरी कसं वाळतंय?" पानं मलूल लोंबत होती, वरची माती काळी ओली, वर हिरवं शेवाळ, आणि रोप हळूच उपसून बघितलं तर पांढरी मुळं कुठेच नाहीत, सगळी तपकिरी, बोटात धरली की साल सुटून यायची. तहानलेलं झाडही मान टाकतं आणि बुडालेलं झाडही मान टाकतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून पाणी घालायच्या आधी माती बघायचीच.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. किंवा कुंडी उचलून बघा, भरल्या कुंडीचं आणि वाळल्या कुंडीचं वजन चार-पाच वेळात हाताला कळायला लागतं, आणि बोटापेक्षा ही पद्धत मला जास्त खात्रीची वाटते. सोलापूरच्या कोरड्या हवेत, दक्षिणेच्या उन्हात, ६ इंची कुंडीला साधारण दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं, पण हा आकडा वहीत लिहून ठेवू नका, ढगाळ दिवस आले की चार दिवसही जातात.

घालताना घोटभर घालू नका, खालून निघेपर्यंत घाला, आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं ओतून टाका. वेळ सकाळची.

पाणी कुठलं हेही महत्त्वाचं. नळाचं साठवलेलं पाणी चालतं. बोअरच्या पाण्यात बऱ्याच सोसायट्यांत क्षार खूप, कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापडी जमते, पानांच्या कडा करपतात, नवीन पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. ते पिवळेपण पाण्याच्या कमतरतेचं नसतं, क्षारांमुळे मुळांना लोह उचलता येत नाही त्याचं असतं. त्याला चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येणारं लोह, मिळतं कृषी सेवा केंद्रात, पाकिटावरच्या प्रमाणात एकदा फवारा आणि पाणी बदला.

*सूचना:* आरओ फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून बरेचजण झाडांना घालतात. फिल्टरने बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला वापरा, कुंडीतल्या गुलाबाला नको.

महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या तिप्पट पाणी हळूहळू सोडा, साचलेले क्षार धुऊन जातात. पूर्ण निथळल्यावरच परत जागेवर.

६. पानं धुणं आणि लाल कोळी

डाळिंबवाल्यांना हे नाव ऐकून माहीत आहे. घरातल्या बटण गुलाबाचा हिवाळ्यातला एक नंबरचा शत्रू हाच. कोरडी, उबदार, बंद हवा त्याला फार मानवते, आणि बाहेर पावसाने धुऊन जातो तसा तो घरात धुतला जात नाही.

सुरुवात खालच्या पानांपासून होते. पानावर रवा भुरभुरल्यासारखे बारीक पिवळट ठिपके येतात, पानाची चमक जाते, मग ते करडं होऊन गळतं. जाळं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. म्हणून दर रविवारी एक पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीला टिचकी मारा, कागदावर पडलेले ठिपके मिनिटभर बघा. हलले तर कोळी. बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उठली तर नक्कीच.

नसला तरी आठवड्याला एकदा पानं धुवायचीच, सोलापूरची धूळही असते पानांवर. पद्धत अशी:

१. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधा, खोडाभोवती गच्च, म्हणजे माती सांडणार नाही आणि भिजणारही नाही.
२. बाथरूममध्ये कुंडी आडवी किंवा तिरकी धरा, पानांची खालची बाजू वर आली पाहिजे. वरून शॉवर मारून काही होत नाही, कोळी खाली बसलेला असतो.
३. हँड शॉवर नाहीतर जेटने, साध्या पाण्याने, पान फाटणार नाही इतक्या जोराने प्रत्येक फांदी खालून धुवा.
४. झटकून वाऱ्याला ठेवा. हे सकाळी १० च्या आत करा म्हणजे दुपारपर्यंत पानं कोरडी होतात. रात्रभर ओली पानं राहिली की काळे डाग येतात.

कोळी सापडला असेल तर हेच दर तिसऱ्या दिवशी, असं चार-पाच वेळा. एकदा धुतल्याने मोठे कोळी जातात, अंडी चिकटून राहतात आणि उबेत ती काही दिवसांतच फुटतात, त्यामुळे दोन धुण्यांनंतर "गेला वाटतं" म्हणून थांबणारेच परत फसतात. दोन वेळा धुतल्यावर संध्याकाळी नीम तेल फवारा, १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि १ मिली लिक्विड सोप, पानांच्या खालून. उन्हात फवारू नका, पानं भाजतात.

*सूचना:* मावा, तुडतुड्यांची औषधं कोळीवर चालत नाहीत, कोळी हा कीटकच नाही. दुकानात "गुलाबाला कीड लागली" एवढंच सांगून बाटली आणू नका. आणि राहत्या घरात जहाल औषधं मारायचीही गरज नाही, धुण्याने भागतं.

रोज स्प्रे बाटलीने पानांवर पाणी शिंपडणं सोडून द्या, त्याने हवेतली आर्द्रता दहा मिनिटंही टिकत नाही.

७. भुरी

ही एक बुरशी, द्राक्षावर येते तशीच पांढरी पावडर, कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठावर. दिवसा ऊब, रात्री गारवा आणि हवा कोंडलेली, असं झालं की येते. दोन-चार पानांवर असेल तर ती काढून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. खिडकी उघडी ठेवा, कुंड्यांमध्ये अंतर द्या. पसरत असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, झाड गॅलरीत नेऊन, नाकाला फडकं बांधून. नीम तेल मारून तीन आठवडे झाले नसतील तर गंधक मारू नका, पानं करपतात.

८. खत

झाडाला ऊन मिळतंय आणि नवीन फुटवा दिसतोय, या दोन्ही गोष्टी असतील तरच. १९:१९:१९ हे विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) खत १ ग्रॅम १ लिटर पाण्यात, दर १५ दिवसांनी, माती आधी ओली करून. कोरड्या मातीत खत घातलं की मुळं पोळतात. महिन्याला एक मूठ गांडूळखत.

शेंगपेंड आपल्याकडे स्वस्त आणि चांगली मिळते, गच्चीवरच्या गुलाबाला मी जरूर घाला म्हणेन. पण घरातल्या कुंडीत तिला बुरशी येते, वास सुटतो, मुंग्या आणि बारीक माश्या होतात. उकळलेली साखरेची चहापत्ती तर मुळीच नको.

९. ऊन कमीच असेल तर ट्यूब

साधी पांढरी एलईडी बॅटन चालते, महागडी जांभळी लाईट घ्यायची गरज नाही. २० वॅटच्या दोन बॅटन शेजारी शेजारी, झाडाच्या शेंड्यापासून ६-८ इंचांवर. छतावरची ट्यूब कितीही लख्ख असली तरी उपयोगाची नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्याने पडतो. ऊन धरून एकूण १२-१४ तास उजेड, रात्री १० ला बंद, झाडाला अंधारही लागतो. माझं मत विचाराल तर ट्यूब ही दोन-तीन तासांच्या उन्हाला जोड म्हणून चांगली, उन्हाच्या जागी फक्त ट्यूबवर फुलांची आशा धरू नका.

*तपासणी:* दोन पानांमधलं अंतर लांबत चाललं आणि काडी बारीक, फिकट निघाली तर उजेड अजून कमी आहे, ट्यूब खाली आणा.

१०. फेब्रुवारीत जागा हलवणं

संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकली की पंधरा-वीस दिवसांत ऊन बदलायला लागतं. सूर्य वर चढत जातो, मार्चच्या २१ च्या सुमाराला भर दुपारी तो ७२ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन मागे सरकत सरकत जवळजवळ संपतं आणि पश्चिमेचं मात्र भाजायला लागतं. डिसेंबरात जी जागा उत्तम होती तीच धरून बसलात तर झाड परत अंधारात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज दुपारी १२ ची हाताची सावली परत बघायला सुरुवात करा. ती फिकट झाली की आठवड्याभरात कुंडी पूर्वेच्या खिडकीत न्या, एकदम नाही, आधी सकाळपुरती. पूर्व नसेल आणि पश्चिमच असेल तर दुपारी २ नंतर पांढरं पातळ कापड किंवा हिरवी शेडनेट लावा. पाण्याची गरज वाढलेली असते, बोट रोज घालून बघा, मार्चच्या शेवटाला दररोज पाणी लागू शकतं. प्लास्टिकची कुंडी उन्हात हाताला चटका देत असेल तर आतली मुळंही तापतायत, ती कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरा आणि वाळू ओली ठेवा.